नक्कल कुठे अडते

हार्ड डिस्कवरची फाइल दुसरीकडे उतरवायला लागणारा वेळ एका जागी खर्च होत नाही. मूळ डिस्कवरून वाचणे, वाचलेले मेमरीत ठेवणे, तारेतून पुढे पाठवणे, दुसऱ्या डिस्कवर मोकळी जागा शोधणे, तिथे लिहिणे आणि लिहिल्याची नोंद करणे, इतक्या हातांतून फाइल जाते. यातला एक हात संथ असला की सगळे काम त्याच्याच गतीने चालते. लिनक्सवर संथ कॉपीचे कारण शोधण्याचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास म्हणजे हा संथ हात पुन्हा पुन्हा नव्याने ओळखण्याचा इतिहास आहे. एका ठिकाणची अडचण सुटली की पुढच्या ठिकाणची उघडी पडते.

नक्कल रखडण्याचा अनुभव मात्र संगणकापुरता नाही. म्हसावद हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे, धडगावकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव. या भागाला नकलेच्या विलंबाची ओळख संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. शहादा पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात राहिला, आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत जिल्ह्याचे काम म्हटले की धुळे गाठावे लागे. सातबारा तलाठ्याकडे, जुने फेरफार तहसील कचेरीत. नक्कल हवी असेल तर अर्ज करायचा, त्यावर कोर्ट फीचे तिकीट लावायचे आणि थांबायचे. एक कारकून मूळ दप्तरावरून नक्कल उतरवून काढी, दुसरा ती मुळाशी ताडून पाही. प्रमाणित नकलेच्या तळाशी ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’ अशा दोन वेगळ्या सह्या असत. अर्ज आल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि नक्कल दिल्याची तारीख स्वतंत्र लिहिलेली असे. त्या तारखा वाचल्या की कागद कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होता ते कळे. संगणकावरच्या नकलेला अशा तारखा मिळायला बराच काळ जावा लागला.

सुरुवातीला त्यांची गरजही नव्हती, कारण संथ काय आहे हे उघड दिसत होते. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मावत आणि ती पूर्ण भरायला मिनिटभर लागे. खडखड आवाज थांबला की काम झाले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती खुली केली तेव्हा तिने फाइल ठेवण्याची पद्धत मिनिक्स या शिक्षणासाठी बनवलेल्या प्रणालीकडून घेतली होती. त्या पद्धतीत डिस्कचा एक विभाग ६४ मेगाबाइटपेक्षा मोठा करता येत नसे आणि फाइलचे नाव चौदा अक्षरांत बसवावे लागे. १९९२ मध्ये ‘एक्स्ट’ आणि १९९३ मध्ये रेमी कार्ड यांची ‘एक्स्ट-टू’ ही फाइल पद्धत आली आणि लिनक्स मोठ्या डिस्कवर नीट चालू लागले. भारतात ते सामान्य वाचकाच्या हाती आले ते बहुतांशी मासिकाबरोबरच्या सीडीतून. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने १९९६ मध्ये अतुल चिटणीस यांच्या पुढाकाराने लिनक्सची सीडी वाचकांना दिली. इंटरनेट जिथे पोचले नव्हते तिथेही अशा सीडी पोस्टाने पोचल्या. पुढे २००५ ते २०११ या काळात उबुंटू या लिनक्सच्या तयार संचाच्या सीडीही जगभर फुकट पाठवल्या जात.

या पहिल्या काळातला संथ हात होता प्रोसेसर. त्या वेळच्या डिस्क पीआयओ नावाच्या पद्धतीने चालत. डिस्कवरून आलेला प्रत्येक शब्द प्रोसेसरने स्वतः उचलून मेमरीत ठेवायचा, अशी ती व्यवस्था. मोठी फाइल उतरवायला घेतली की माउसचा बाण अडखळे, गाणे तुटत वाजे आणि एवढे करूनही सेकंदाला तीन-चार मेगाबाइटच सरकत. यावरचा उपाय १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्रांमध्ये आलेला होता. डीएमए पद्धतीत डिस्कचा नियंत्रक प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितो, आणि अल्ट्रा-डीएमएच्या पहिल्या प्रचलित आवृत्तीत सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत वाट मोकळी होती. तरीही अनेक लिनक्स संगणकांवर ती पद्धत बंदच असे. तेव्हाच्या काही स्वस्त चिपसंचांमध्ये डीएमए चालू केल्यावर माहिती बिघडत असे, म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि वितरणे, म्हणजे लिनक्सचे तयार संच, सावध राहत. संथ पण शुद्ध नक्कल पसंत करण्याचा हा निर्णय योग्यच होता. मात्र त्याचा परिणाम असा झाला की चांगले यंत्र असलेल्यांनाही वेग हवा तर तो स्वतः मागून घ्यावा लागे. मार्क लॉर्ड यांचे ‘एचडीपार्म’ हे साधन त्यासाठी होते. एका आज्ञेने वाचनाचा वेग मोजायचा, दुसरीने डीएमए चालू करायचे, पुन्हा मोजायचे. बदल पाच-सहा पट असू शके.

तारही त्यात होती. अल्ट्रा-डीएमएच्या ६६ मेगाबाइट वेगासाठी ऐंशी तारांची चपटी केबल लागे. जुनी चाळीस तारांची केबल लावलेली असली की कर्नल वेग ३३ वर आणून ठेवी. जुन्या संगणकातली केबल काढून नव्या डिस्कला लावणे ही दुरुस्तीच्या दुकानातली रोजची काटकसर होती, आणि तिने पुष्कळ नव्या डिस्क निम्म्या वेगाने चालवल्या. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच केबलवर असले तर एकाला बोलताना दुसऱ्याला गप्प बसावे लागे. सीडीवरून डिस्कवर उतरवताना हे हमखास जाणवे. साटा केबल आल्यावर प्रत्येक डिस्कला स्वतंत्र वाट मिळाली आणि २००७-०८ पर्यंत बहुतेक वितरणांत डीएमए आपोआप चालू होऊ लागले. एचडीपार्मची ती प्रसिद्ध आज्ञा निरुपयोगी झाली. जुने सल्ले मात्र पुढे अनेक वर्षे फिरत राहिले आणि नव्या संगणकांवर लोक ती आज्ञा देऊन काही फरक पडत नाही म्हणून हैराण होत राहिले.

यानंतरचा संथ हात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा भाग सविस्तर पाहायला हवा. लिनक्स फाइल लिहिताना ती थेट डिस्कवर नेत नाही. आधी मेमरीत ठेवते आणि ‘लिहिले’ असे सांगून मोकळे होते. डिस्कवर न पोचलेल्या या मेमरीच्या पानांना कर्नलच्या भाषेत ‘डर्टी’ म्हणतात. ती मागच्या मागे डिस्कवर उतरवण्याचे काम कर्नलमधले वेगळे धागे करतात. पद्धत उत्तम आहे, कारण डिस्क मेमरीपेक्षा हजारो पट संथ आणि प्रत्येक लेखनासाठी कार्यक्रमाला थांबवले तर काहीच पुढे जाणार नाही. प्रश्न फक्त इतकाच की न उतरवलेली पाने किती साठू द्यायची. लिनक्सने ही मर्यादा उपलब्ध मेमरीच्या टक्केवारीत ठरवली. ती एके काळी चाळीस टक्के होती, मग दहावर आणली गेली आणि २००९ मध्ये पुन्हा वीसवर नेली. संगणकात २५६ मेगाबाइट मेमरी असताना चाळीस टक्के म्हणजे शंभर मेगाबाइट. सेकंदाला पाच मेगाबाइट लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला ते वीस सेकंदांचे काम. मेमरी आठ गिगाबाइट झाली, त्यातली सात मोकळी आहे असे धरले, तर वीस टक्के म्हणजे १.४ गिगाबाइट. त्याच पेन ड्राइव्हला त्यासाठी पावणेपाच मिनिटे लागतात. टक्का निम्मा झाला तरी साठा चौदा पट वाढला, कारण मेमरी वाढली आणि पेन ड्राइव्ह तसाच राहिला.

पडद्यावर याचे रूप फसवे दिसते. हिरवी पट्टी काही सेकंदांत ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते, मग खिळून बसते. किंवा ती शंभरावर पोचते आणि ‘ड्राइव्ह सुरक्षित काढा’ म्हटल्यावर पाच मिनिटे उत्तर येत नाही. पट्टी मोजते ते मेमरीत गेलेले, डिस्कवर पोचलेले नव्हे. त्याहून त्रासाची गोष्ट अशी की साठ्याची मर्यादा सगळ्या डिस्कना मिळून असल्याने एका संथ पेन ड्राइव्हने ती भरून टाकली की वेगवान डिस्कवर लिहू पाहणारे कार्यक्रमही अडत. २००८-०९ च्या सुमारास कर्नलच्या दोष-नोंदवहीत १२३०९ या क्रमांकाखाली ही तक्रार दाखल झाली. मोठी फाइल उतरवताना सगळा संगणक गोठतो, अशा आशयाच्या नोंदी तिथे जगभरातून येत राहिल्या. त्या एका क्रमांकाखाली वेगवेगळी अनेक दुखणी जमा झाली होती, म्हणून ते एका उपायाने बरे होणारे नव्हतेच. सुधारणा तुकड्या-तुकड्यांनी झाल्या. २००९ अखेरच्या २.६.३२ कर्नलमध्ये जेन्स एक्सबो यांनी प्रत्येक डिस्कसाठी पाने उतरवणारा स्वतंत्र धागा दिला. त्यामुळे एका डिस्कमागे दुसरी रांगेत उभी राहणे कमी झाले. २०१२ च्या आरंभीच्या ३.२ मध्ये फेंगग्वांग वू यांनी लिहिणाऱ्या कार्यक्रमालाच डिस्कच्या वेगानुसार थोडे थोडे थांबवण्याची पद्धत आणली. २०१७ च्या ४.१० मध्ये मागच्या मागे होणारे लेखन आवरण्याची सोय आली, त्यामुळे वाचणाऱ्याला आधी वाट मिळू लागली. दरम्यान टक्केवारीऐवजी थेट बाइटमध्ये मर्यादा ठरवण्याची मुभाही मिळाली होती. २०१३ मध्ये या विषयावर कर्नल विकासकांची मोठी चर्चा झाली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनीही मूळ मर्यादा मोठ्या मेमरीच्या यंत्रांसाठी फार जास्त असल्याचे मत मांडले.

तहसीलच्या नकलेवरच्या तारखांच्या तोलामोलाचे असे काही लिनक्सला याच काळात मिळाले. २००६ मध्ये कर्नलमध्ये आलेले ब्लॉक-ट्रेस हे साधन डिस्ककडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीची वेळ टिपते. ती रांगेत कधी लागली, चालकाकडे (ड्रायव्हरकडे) कधी सोपवली आणि डिस्कने कधी पूर्ण केली, हे त्यातून वेगवेगळे दिसते. रांगेत वेळ गेला असेल तर दोष गर्दीचा किंवा कर्नलच्या रांग-व्यवस्थेचा. सोपवल्यावर वेळ गेला असेल तर दोष डिस्कचा, तारेचा किंवा मधल्या यूएसबी पुलाचा, म्हणजे डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या चिपचा. रोजच्या वापराला याचे सोपे रूप म्हणजे आयओस्टॅट. ते प्रत्येक डिस्क किती टक्के वेळ कामात आहे आणि एका वाचनाला व एका लेखनाला सरासरी किती मिलिसेकंद लागतात ते दाखवते. उतरवणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या डिस्कपैकी जी शंभर टक्के कामात दिसते ती संथ, हा पहिला आणि बहुधा पुरेसा निष्कर्ष. दोन्ही रिकाम्या दिसत असतील तर कारण प्रोसेसरमध्ये किंवा फाइल पद्धतीत शोधायचे. मेमरीत किती पाने उतरायची राहिली आहेत हा आकडाही कर्नल सतत जाहीर करत असतो. तो शून्याकडे आला की नक्कल खरोखर संपली.

शहादा तालुक्याचे नाव माहितीच्या वाहतुकीच्या इतिहासात आले ते याच वर्षांत. २९ सप्टेंबर २०१० रोजी तालुक्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना देण्यात आला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी समारंभाला आले होते. छायाचित्र, दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळे आणि पत्ता मिळून एका माणसाच्या नोंदीचे कूटबद्ध पाकीट सुमारे पाच मेगाबाइटचे होई. नोंदणीच्या लॅपटॉपवरून ही पाकिटे बाह्य डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून केंद्रीय भांडाराकडे पाठवण्याची सोय सुरुवातीपासून होती, आणि ती का लागली ते साध्या गणिताने कळते. हजार माणसांच्या नोंदी म्हणजे पाच गिगाबाइट. तेव्हाच्या मोबाइल जोडणीवर सेकंदाला शंभर किलोबिट सलग मिळाले असते तरी तेवढे पाठवायला साडेचार दिवसांहून अधिक लागले असते. १९९८ च्या यूएसबी १.१ वरून तेच काम दीड तासाच्या आत, यूएसबी २.० वरच्या सामान्य पेन ड्राइव्हवर पाव तासात आणि हार्ड डिस्कवर तीन-चार मिनिटांत. त्यानंतर डिस्क गाडीने वा कुरिअरने दोन दिवसांत पोचली तरी तारेपेक्षा आधीच पोचली. संथ हात इथे डिस्कबाहेर, हवेतल्या मोबाइल जोडणीत होता. पलीकडे केंद्रीय भांडार सर्वसाधारण सर्व्हरवर, लिनक्स आणि इतर खुल्या सॉफ्टवेअरच्या आधाराने उभे राहिले. एका दिवसात दहा लाख नोंदी आल्या तर पाच टेराबाइट उतरवून घेण्याचा प्रश्न तिथे होता. अशा आकाराला एक डिस्क पुरत नाही, म्हणून माहिती शेकडो डिस्कवर वाटून लिहिली जाते.

वाटून लिहिण्याचा आणखी एक नमुना महाराष्ट्रात नारायणगावजवळच्या खोडद येथे पाहायला मिळतो. तिथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येकीतून दोन ध्रुवणांचे, म्हणजे एकूण ६० संकेत येतात. १६ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पकडायचा तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ३.२ कोटी नमुने घ्यावे लागतात. नमुन्यामागे एक बाइट धरला तरी साठ संकेतांचे मिळून सेकंदाला जवळपास दोन गिगाबाइट होतात. त्या काळची एक हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आतच राहत असे. २०१० च्या सुमारास तिथे लिनक्स संगणकांच्या समूहावर आधारलेली नवी यंत्रणा कामाला लागली. आलेले संकेत ताबडतोब एकत्र करणे आणि हवे तेव्हा कच्चे नमुने डिस्कवर साठवणे, अशी दोन्ही कामे तिच्याकडे होती. घरात फाइल उशिरा उतरली तर माणूस थांबतो, आकाशातून येणारे तरंग थांबत नाहीत. डिस्क मागे पडली की ते नमुने कायमचे गेले. म्हणून अशा ठिकाणी सरासरी वेगापेक्षा सर्वांत वाईट क्षणाचा वेग मोजतात, आणि घरगुती कॉपीचे दुखणे शोधतानाही ती सवय उपयोगी पडते. आयओस्टॅटचे सरासरी आकडे ठीक दिसत असताना मधेच दोन सेकंदांची एक दरी असेल तर दुखणे त्या दरीत असते.

खानदेशच्या बाजारगावांत २००५ नंतरची दहाएक वर्षे मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात होता. मोबाइल रिचार्जच्या टपरीवर एक संगणक, त्यात अहिराणी, पावरी, हिंदी गाण्यांचे फोल्डर, आणि समोर कार्ड घेऊन बसलेले गिऱ्हाईक. वर्ग चारच्या कार्डाला सेकंदाला किमान चार मेगाबाइट लिहिण्याची हमी असे, म्हणजे चार गिगाबाइटचे कार्ड भरायला सतरा मिनिटे. आठवडे बाजाराच्या दिवशी सतरा मिनिटे ही मोठी गोष्ट असते. हे संगणक बहुतेक विंडोजवर चालत, पण पेन ड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसमुळे लिनक्सची थेट चालणारी सीडी घालून ड्राइव्ह साफ करायची युक्ती अनेकांना माहीत होती. लिनक्सवर याच कार्डांनी एक वेगळा धडा दिला. कार्डावर फॅट पद्धत असते. २.६.१२ या कर्नलपासून फॅटसाठी ‘सिंक’ हा पर्याय खराखुरा अमलात आला, म्हणजे प्रत्येक लेखन लगेच कार्डावर नेणे सुरू झाले. काही वितरणांनी कार्ड अचानक उपसून काढले तरी फाइल शाबूत राहावी म्हणून तो पर्याय आपोआप लावला. फॅटमध्ये जागेचा हिशेब ठेवणारे कोष्टक कार्डाच्या सुरुवातीला असते आणि फाइलचा प्रत्येक तुकडा लिहिला की ते पुन्हा लिहावे लागते. त्यामुळे कॉपी गोगलगायीसारखी चाले, शिवाय त्या एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिल्याने कार्ड लवकर झिजे. पुढे ‘फ्लश’ हा मधला मार्ग आला. तो फाइल बंद झाल्यावर लगेच उतरवायला सुरुवात करतो, पण प्रत्येक तुकड्यासाठी अडून बसत नाही.

सुरक्षिततेचा हा आग्रह उगाच नव्हता. २००५ पासूनची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने लांबलचक भारनियमन सोसले. मेमरीत लिहून ‘झाले’ म्हणणारी प्रणाली आणि न सांगता जाणारी वीज यांचे जमत नाही. २००१ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या एक्स्ट-थ्रीने बदलांची रोजवही ठेवून निदान फाइल पद्धत मोडणार नाही याची काळजी घेतली. २००८ अखेरीस आलेल्या एक्स्ट-फोरने वेगासाठी डिस्कवर जागा ठरवणेच पुढे ढकलले. परिणामी २००९ च्या मार्चमध्ये तक्रारी आल्या की वीज गेल्यावर नुकत्याच लिहिलेल्या फाइली शून्य आकाराच्या होतात. थिओडोर त्सो यांनी लगेच दुरुस्ती केली, पण नियम बदलला नाही: ‘सीपी’ ही कॉपीची साधी आज्ञा डिस्कवर पोचल्याची खात्री करत नाही. ती खात्री ‘सिंक’ ही आज्ञा देते, आणि दोन्हीकडच्या फाइलींची बेरीज-खूण (चेकसम) काढून ताडणे हे त्याहून पक्के.

फिरत्या डिस्कचे काही संथपण तिच्या शरीरातच आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी डिस्क हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद घेते. डोके योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेल्या जागांवर ती सेकंदाला जेमतेम ऐंशी वेळा जाऊ शकते. वीस हजार लहान फाइली असतील आणि प्रत्येकीसाठी दोनदा डोके हलवावे लागले तर जवळपास नऊ मिनिटे नुसत्या हालचालीत जातात, मग फाइल एक किलोबाइटची असो वा शंभर. लग्नाच्या व्हिडिओची दहा गिगाबाइटची एक फाइल दोन-तीन मिनिटांत उतरते आणि त्याच आकाराचे छायाचित्रांचे, चिठ्ठ्या-चपाट्यांचे फोल्डर अर्धा तास घेते, त्याचे कारण हे. एकाच डिस्कच्या एका विभागातून दुसऱ्यात उतरवताना डोके सतत येरझारा घालते. डिस्क भरत आली की आतल्या लहान वर्तुळांवर सलग वाचनाचा वेगही बाहेरच्या जवळपास निम्मा होतो. या तिन्हीवर औषध नाही. अनेक लहान फाइली एका गाठोड्यात बांधून पाठवणे आणि एका वेळी एकच कॉपी चालवणे एवढेच हातात असते.

दुसरे संथपण डिस्कच्या आखणीतून आले. २००९-१० पासून उत्पादकांनी ५१२ बाइटऐवजी ४०९६ बाइटचे खंड वापरायला सुरुवात केली, पण जुन्या प्रणालींना कळावे म्हणून डिस्क स्वतःला ५१२ चीच म्हणवत राहिली. डॉसच्या काळापासून पहिला विभाग ६३ व्या खंडापासून सुरू करण्याची रीत होती आणि ६३ ला आठने भाग जात नाही. त्यामुळे प्रणालीचा प्रत्येक ४०९६ बाइटचा तुकडा डिस्कच्या दोन खंडांवर पसरला. लिहिताना डिस्कला दोन्ही खंड आधी वाचून, बदलून परत लिहावे लागत. वाचनाचा वेग ठीक आणि लेखनाचा अत्यंत वाईट असेल तर त्या वर्षांत पहिला संशय याच गोष्टीचा घेतला जाई. विभाग करणाऱ्या साधनांनी सुरुवात २०४८ व्या खंडावर नेली आणि हे दुखणे हळूहळू संपले.

पाठोपाठ आलेले दुखणे अजून चालू आहे. २०१३ नंतर बाजारात आलेल्या काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. त्याने त्याच तबकडीवर जास्त माहिती मावते. मात्र मधला पट्टा बदलायचा तर त्यावर चढलेले पुढचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. हा त्रास लपवण्यासाठी डिस्क आधी एका साध्या राखीव भागात लिहून घेते. तो भाग असेपर्यंत वेग उत्तम, तो भरला की सेकंदाला काही मेगाबाइटवर येतो. अशा डिस्क कित्येकदा त्याचा उल्लेख न करता विकल्या गेल्या, आणि २०२० मध्ये एकत्र जोडून वापरायच्या मालिकेतल्या डिस्कही तशाच असल्याचे उघड झाल्यावर मोठ्या उत्पादकांना आपल्या याद्या जाहीर कराव्या लागल्या. ग्राहकाला हे आधी सांगणे हे साधे कर्तव्य होते. कॉपी पहिले वीस-तीस गिगाबाइट झरझर आणि नंतर रखडत होत असेल, आणि डिस्क रात्रभर स्वस्थ ठेवल्यावर पुन्हा झरझर होत असेल, तर ही खूण आहे. स्वस्त एसएसडी आणि पेन ड्राइव्हमध्येही राखीव भाग भरल्यावर असेच घडते.

विंडोजमध्ये तयार झालेल्या बाह्य डिस्क लिनक्सवर लावण्याचा स्वतंत्र इतिहास आहे. एनटीएफएस पद्धतीवर भरवशाने लिहिता येऊ लागले ते २००७ मध्ये, एनटीएफएस-३जी या चालकामुळे. तो कर्नलबाहेर चालतो, त्यामुळे प्रत्येक कामासाठी कर्नल आणि चालक यांच्यात ये-जा होते. जुन्या किंवा दुबळ्या प्रोसेसरवर आयओस्टॅटमध्ये डिस्क रिकामी आणि चालक मात्र प्रोसेसर खात असलेला दिसे. २०२१ च्या ५.१५ कर्नलमध्ये पॅरागॉनने लिहिलेला नवा चालक आत आला आणि ही ये-जा टळली. एक्सफॅटचेही तसेच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याची आखणी खुली केल्यावर २०२० च्या ५.७ मध्ये त्याचा चांगला चालक कर्नलमध्ये रुजला.

आजारी डिस्क हे वेगळे प्रकरण आहे आणि ते आधी तपासायला हवे, कारण तिथे प्रश्न वेगाचा राहत नाही, माहिती वाचवण्याचा होतो. खराब होत चाललेला खंड वाचताना डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि कॉपी अनेक सेकंद थबकते. कर्नलच्या संदेशवहीत, म्हणजे डीमेसेजमध्ये, वाचनदोषाच्या ओळी येऊ लागतात. कधी जोडणीचा वेग कमी केल्याची ओळही दिसते. स्मार्टसीटीएल हे साधन डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचून दाखवते. क्रमांक ५ बदलून टाकलेले खंड, १९७ संशयित खंड, १९९ तारेवर झालेले दोष. फक्त १९९ वाढत असेल तर केबल बदलून भागते. १९७ वाढत असेल तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवून आधी जे निघते ते काढून घ्यावे. त्यासाठी २००४ पासूनचे डीडीरेस्क्यू आहे. ते आधी चांगला भाग उचलते, वाईट भागाकडे शेवटी वळते आणि कुठवर आले याचे टिपण ठेवते. खानदेशातला मे महिना, चाळीस अंशांपुढचे तापमान आणि टेबलाखालची धूळ यांत चालणाऱ्या डिस्कचे तापमानही त्याच नोंदीत सापडते.

शेवटी यूएसबी. २००० च्या यूएसबी २.० ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, २००८ च्या ३.० ची ५ गिगाबिट. व्यवहारात पहिल्यावर तीस-पस्तीस मेगाबाइट मिळतात, दुसऱ्यावर फिरत्या डिस्कचा पूर्ण वेग मावतो. म्हणून नवी बाह्य डिस्क ठराविक तीस-पस्तीसवर अडकली असेल तर ती जुन्या भोकात, जुन्या तारेने किंवा हबमधून लावली आहे, असे जवळजवळ नक्की समजावे. ‘एलएसयूएसबी’ आज्ञेच्या झाडासारख्या यादीत प्रत्येक जोडणीपुढे ४८० की ५००० हा आकडा असतो. अर्धवट घुसवलेला ३.० चा प्लगही कधी कधी २.० म्हणूनच चालतो, आणि नुसता काढून नीट बसवल्याने वेग तिप्पट होतो. काही डिस्कपेट्यांचे पूल युएएस या नव्या पद्धतीत अडखळतात. कर्नलने अशा पुलांची यादी ठेवली आहे आणि त्यांच्याशी तो जुन्या पद्धतीने बोलतो.

मेमरीतल्या साठ्याचा प्रश्नही अलीकडे मूळ जागी सुटला आहे. २०२३ च्या ६.२ कर्नलपासून प्रत्येक डिस्कसाठी न उतरवलेल्या पानांची मर्यादा वेगळी आणि सक्तीची ठरवता येते. पेन ड्राइव्हला पन्नास मेगाबाइट इतकी मर्यादा घातली की पडद्यावरची पट्टी त्याच्या खऱ्या वेगाने सरकते, ड्राइव्ह काढताना दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबावे लागत नाही आणि आतल्या डिस्कवर चाललेले काम त्यामुळे अडत नाही.